नागीला देवाकडे कोण नेणार

कामोउरा
२७ एप्रिल

सुमिएताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र न उघडताच कचऱ्यात टाकायला निघाली असशील, तर निदान ही पहिली ओळ वाच आणि मग टाक. कोहेईला मुलगी झाली. बुधवारी पहाटे. वजन तीन किलोला जरा कमी, जावळ भरगच्च. नाव नागी ठेवलंय. तळ्यावरचा वारा पडला की पाणी कसं निवांत होतं, त्यावरून. पोरगी मात्र नावाला अजिबात जागत नाही. ती रडायला लागली की अख्खं बिवा तळं ढवळून निघतं. पलीकडच्या काठावर तुला ऐकू आलं नसेल तर तुझे कान गेले असं मी समजेन.

आजोबा झालो, ताई! अडुसष्टाव्या वर्षी माझे पाय जमिनीवर नाहीत. गिऱ्हाईक मासा मागतं आणि मी त्याला फोटो दाखवतो. काल एक बाई फोटो बघून, "छान आहे हो," म्हणत मासा न घेताच निघून गेली, आणि मला त्याचंसुद्धा काही वाटलं नाही.

आता कामाचं. तेहेतिसाव्या दिवशी, म्हणजे पंचवीस मेला, नागीला शिरानामीच्या देवळात न्यायचं आहे. रविवार आहे, पंचांगात सकाळ चांगली आहे. त्या दिवशी बाळाला बापाच्या आईनं धरायचं असतं, हे तुला मी काय सांगू! कोहेईच्या आईला, कानाएला, जाऊन वीस वर्षं झाली. तोमोएची आई साप्पोरोहून येणार आहे, पण ती आईकडची आजी, तिचा मान बाळावरून पांघरायच्या अंगरख्याचा. तो तिनं पाठवलाही, लाल रंगावर पांढरे सारस. परवा जेवताना सूनबाईनं विषय काढला.

"बाबा, नागीला देवाकडे कोण नेणार?"

"मी नेतो की."

"तुम्ही?" तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. सध्या माशांना मीठ लावायचे दिवस. सात वेळा धुतले तरी हात काही माणसाचे होत नाहीत. "देव काय म्हणेल, बाबा?"

"देवाला या गावच्या माशांची आठशे वर्षांची सवय आहे."

"देवाला असेल. नागीला नाही ना."

कोहेई वाडग्यातून मान वर न करता म्हणाला, "आत्याला विचारा." आणि उठून गेला. आत्याला विचारा! आत्या काय शेजारच्या गल्लीत राहते!

तर ताई, विचारतोय. कानाए गेली तेव्हा कोहेई नऊ वर्षांचा होता. आठवड्यातून दोनदा तू गाडीनं तळ्याला वळसा घालून यायचीस, त्याला जेवू घालायचीस आणि परत जायचीस. हे मी विसरलेलो नाही. त्याच्या आईच्या जागी उभं राहायचा हक्क कुणाला असेल तर तो तुला.

आईच्या वेळी जे झालं ते झालं. तूही जरा घाई केलीस, मीही जरा बोललो. दोन्हीकडून झालं. नऊ वर्षं पुरे आता.

कळव.

योशिहारु तानिगुची


४ मे

ताई,

आठवडा झाला, उत्तर नाही. मी पोस्टाला दोष देतोय. पोस्टमनलाही तसं सांगितलं, तो रागावला.

मी तयारीला लागलोय. पुजारी मोरिवाकींकडे जाऊन वेळ ठरवून आलो, सकाळी दहा. धरणार कोण, म्हणाले. म्हटलं, माझी बहीण. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोणती बहीण?"

"मला एकच आहे."

"हो, पण मध्यंतरी तुम्ही सांगत होता की एकही नाही."

म्हातारा होत चाललाय तसा आगाऊ होत चाललाय. पण वेळ लिहून घेतली त्यांनी.

अंगरख्याचे बंद धरणाऱ्याच्या मानेमागे नीट बांधावे लागतात, नाहीतर देवळाच्या कमानीपर्यंत पोचायच्या आधीच अंगरखा जमिनीवर. ऐनवेळी चूक नको म्हणून मी तांदळाची पिशवी छातीशी धरली, वरून अंगरखा ओढला, बंद मानेमागे बांधले आणि दुकानात फेऱ्या मारून पाहिल्या. तेवढ्यात बँकेतली बाई आली. तिनं पिशवीत डोकावून माझं अभिनंदन केलं. तोमोए हसून हसून खाली बसली. या घरात इतकं हसणं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

सोबत एक मासा पाठवतोय. दोन वर्षं भातात मुरलेला, पोटात अंडी गच्च. तुझ्या सासूबाई कशा आहेत? अठ्ठ्याण्णव म्हणजे काय गंमत आहे! अजून सगळ्यांना धारेवर धरत असतील. माझा नमस्कार सांग. गेल्या भेटीत त्या मला "हा मासेवाला अजून का थांबलाय" म्हणाल्या होत्या, ते मी मनावर घेतलेलं नाही म्हणावं.

उत्तर दे. हो म्हणायला एवढा वेळ लागत नाही.

योशिहारु


१० मे

सुमिएताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दीड ओळ. "पंचवीस तारखेला मला जमणार नाही. माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या. मुलीला आशीर्वाद." झालं! माशाचा उल्लेखसुद्धा नाही. दोन वर्षं मुरवलेल्या माशाला माणूस निदान पोचला एवढं तरी म्हणतो.

का जमणार नाही, तेवढं लिहायला जागा नव्हती का कार्डावर? मी सांगतो का ते. तू अजून तोच राग धरून बसली आहेस. मी लाज सोडून पत्र लिहिलं, पुजाऱ्याकडून टोमणा खाल्ला, आणि तू मला दीड ओळीत वाटेला लावलंस.

रागवायचं तर मी रागवायला हवं. यजमानपद माझं गेलं, तुझं नाही. तू या घरातली, तुला सगळं ठाऊक आहे. सत्तावीस घरं, वर्षाला एक घर, देव वर्षभर त्याच्या घरी राहायला येतो आणि मिरवणुकीत तो सगळ्यांच्या पुढे चालतो. बाबांची पाळी झाली तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. त्या दिवसापासून मी वाट बघत होतो. कपडे शिवून आले होते. माजघरात देवाची जागा करून ठेवली होती. मिरवणुकीला चार दिवस उरले होते, आणि तुझा फोन आला, आई गेली. ज्याच्या घरी सुतक त्याची पाळी पुढच्या घराला, आणि त्याचं नाव यादीच्या तळाला. पुन्हा पाळी येईल तेव्हा मी शहाऐंशीचा असेन, असलो तर.

एवढं होऊनही मी पहिलं पत्र लिहिलं. आणि तुला देवाच्या दारात यायचंही नाही. राहिलं तर. नागीला मी नेईन. हाताला वास आला तर आला.

यो. तानिगुची


१३ मे

ताई,

दहा तारखेचं पत्र फाडून टाक. वाचलं असशील तर विसर. विसरता येत नसेल तर निदान हे त्याच्यानंतरचं आहे हे लक्षात ठेव.

काल दुपारी कोहेई आणि मी अंगणात पिंपं धूत होतो. मी म्हटलं, "तुझी आत्या येत नाही. ठसका बघ केवढा. मीच नेतो नागीला." कोहेईनं पाण्याचा नळ बंद केला.

"आत्याला येता येत नाही, बाबा. पन्नास दिवस तिला देवळाच्या कमानीखालून जाता येत नाही."

"कसले पन्नास दिवस?"

"सुतक. तिच्या सासूबाई वारल्या. तीन तारखेला."

"तुला कोणी सांगितलं?"

"मी जाऊन आलो ना. नागोयाला कामाला जातो म्हणालो होतो, तेव्हा."

"आणि मला कोणीच का नाही सांगितलं?"

तो म्हणाला, "आत्याच नको म्हणाली. म्हणाली, त्याला इतक्यात कळवू नकोस, आधी देवाचं काम होऊन जाऊ दे. असल्या बातम्या वेळेवर कळलेल्या त्याला आवडत नाहीत."

मी उपड्या पिंपावर बसलो. कोहेईनं एकट्यानं बाकीची पिंपं धुतली.

ताई, मी चार तारखेला तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांगितला होता. त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुझ्या घरात उदबत्त्या जळत असताना तुला माझं तांदळाच्या पिशवीचं पत्र मिळालं असणार. आणि तरी तू लिहिलंस, माझ्यासाठी थांबू नका.

मी "जरा बोललो" असं पहिल्या पत्रात लिहिलंय. काय बोललो ते लिहायची माझी हिंमत झाली नव्हती. आज लिहितो. तुझ्या घरी आईला गादीवर निजवलं होतं आणि तू तिचे केस विंचरत होतीस. मी दारातच उभा राहिलो, पायातले बूटसुद्धा काढले नाहीत, आणि म्हणालो, "चार दिवस थांबता आलं नसतं का कळवायला? पाचव्या दिवशी कळवलं असतंस तर कुणाचं काय बिघडलं असतं?" तू कंगवा खाली ठेवलास. मग पुन्हा उचललास आणि विंचरत राहिलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस.

अजून एक आहे, ते तुला माहीत आहे पण मी कबूल केलेलं नाही. त्या महिन्यात तू मला तीनदा फोन केलास. आई आठवण काढतेय, येऊन जा, म्हणालीस. मी तिन्ही वेळा सांगितलं की यजमानाला सोवळं पाळायचं असतं, आजाऱ्याच्या घरी जाता येत नाही. ताई, असा नियम नाही. मृताच्या घरी जाऊ नये एवढाच आहे. आजाऱ्याचं मी माझ्या मनानं लावलं. वाटेत काही झालं तर, मी तिथे असतानाच ती गेली तर, माझी पाळी जाईल याची मला धास्ती होती. दोन वर्षं आईचं सगळं तू केलंस, आणि मला तळ्याला एक वळसा घालवला नाही. पाळी गेलीच. आई भेटायचीही राहिली. आणि गावात मी सांगत सुटलो की बहिणीनं घाई केली.

मला माफ कर. हे मी तोंडानं बोललो असतो तर मधेच विनोद केला असता, म्हणून लिहितोय.

आता ऐक. पंचवीस तारीख रद्द केली. तुझा एक्कावन्नावा दिवस बावीस जूनला येतो, रविवार आहे. मी तीनदा मोजलं. नागी त्या दिवशी जाईल, आणि तुझ्याच हातून जाईल. तू नाही म्हणालीस तर आम्ही पुढचा रविवार बघू, आणि मग त्याच्या पुढचा. पोरीला शाळेत घालायच्या आत जमव म्हणजे झालं.

हारु


१ जून

ताई,

तुझं कार्ड आलं. पुन्हा दीडच ओळ, पण काय ओळ! "पत्र वाचलं. बावीसला येते. यांनी मासा उघडला, नुसत्या वासावरून कळतंय की मीठ जास्त झालंय."

मीठ जास्त झालंयच, ताई. त्या वर्षीचं सगळं पिंपच खारट झालंय. एकाही गिऱ्हाइकानं मला सांगितलं नाही. मी ते कार्ड घेऊन दुकानाच्या बाहेर आलो आणि रस्त्यात उभा राहून पुन्हा वाचलं. समोरची केशकर्तनालयवाली ओसाकाबाई म्हणाली, "काय हो, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "मीठ जास्त झालंय!" तिनं तिच्या गिऱ्हाइकाकडे बघून डोक्यापाशी बोट फिरवलं.

तारीख बदलल्याचं सगळ्यांना पटलं असं नाही. यादीतल्या दोघा-तिघांनी मला वाटेत गाठून ऐकवलं, बहिणीच्या सासूचं सुतक तुला लागत नाही, तू खुशाल जा की. मी म्हटलं, ठाऊक आहे. लागत नाही म्हणून तर थांबतोय, लागत असतं तर थांबावंच लागलं असतं. त्यांना ते कळलं नाही. मलाही म्हटल्यावरच कळलं.

तोमोएच्या आईला विमानाचं तिकीट बदलावं लागलं. मी फोनवर कमरेत वाकून वाकून माफी मागितली. तोमोए म्हणाली, बाबा, तिला दिसत नाहीये. पण विहीणबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "अहो, थांबा की. मला तेवढंच जास्त गुटगुटीत बाळ बघायला मिळेल."

पुजाऱ्यांकडे मी जरा घाबरतच गेलो. इतका उशीर चालेल का, म्हटलं. मोरिवाकींनी वहीतली जुनी वेळ खोडली.

"देव इथे आठशे वर्षं बसून आहे. महिनाभरानं त्याचं काय अडतंय? अडत असतं ते आपलं." मग हळूच म्हणाले, "सुमिएबाई येणार ना नक्की? मी तरुण असताना त्या देवळाच्या पायऱ्या दोन-दोन चढायच्या."

म्हणजे तुझ्यावर नजर होती म्हाताऱ्याची. भाऊजींना सांगू नकोस.

आणि मला आता सगळं कळलंय बरं का. कोहेई दर महिन्याला तुझ्याकडे जेवायला येतो. लग्नाआधी त्यानं तोमोएला आधी तुझ्याकडे आणलं, मग माझ्याकडे. आमच्या घरात पाच वर्षं मी जे मुळ्याचं लोणचं "तोमोएच्या माहेरचं" म्हणून चाटूनपुसून खातोय, ते तुझ्या हातचं! काल मी विचारलं तेव्हा दोघंही माना खाली घालून भात खात बसले. मला राग यायला हवा होता. मी अजून थोडं लोणचं मागितलं.

नागी आता हसते. झोपेत हसते, पण हसते. पाच किलोची झालीये. तुझ्या हातांना झेपेल ना? त्र्याहत्तर म्हणजे काही पंचवीस नव्हे. मागे उभा राहीन मी, काळजी करू नको.

हारु


२६ जून

ताई,

तू तिथेच होतीस, मग लिहायचं कशाला, असं तोमोए म्हणते. पण तू पुढे होतीस आणि मी मागे. मागून काय दिसलं ते तुला माहीत नाही.

सकाळभर ढग होते, पण पाऊस आला नाही. तू स्टेशनातून बाहेर आलीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही. खोटं कशाला सांगू. मी ज्या बाईची वाट बघत होतो ती नऊ वर्षांपूर्वीची होती. तूच माझ्याजवळ आलीस आणि म्हणालीस, "टक्कल पडलं की रे तुला." मी घरी बसून तीन वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "हो," म्हणालो.

मग कोहेईनं नागीला तुझ्या हातात दिलं. मी तुझ्या मानेमागे अंगरख्याचे बंद बांधले. तांदळाच्या पिशवीला बारा वेळा बांधले होते, एकदाही चुकलो नव्हतो. तुझ्या मानेपाशी माझी बोटं चालेनात. तू म्हणालीस, "गाठ मार, फास नको." तेव्हा कुठे जमलं.

कमानीपाशी तू थांबलीस. वाकून नमस्कार केलास आणि मागे न बघता विचारलंस,

"मोजलंस ना नीट?"

"तीनदा."

"चौथ्यांदा मोज."

मी खरंच बोटांवर मोजायला लागलो. सगळे थांबले. विहीणबाईही थांबल्या. मेचे एकोणतीस, जूनचे एकवीस, झाले पन्नास, आज एक्कावन्न. मी म्हटलं, "झाले." मग तू पाऊल टाकलंस. पायऱ्या तू एकेक चढलीस, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवून, आणि हात द्यायला गेलो तर कोपरानं ढकललंस. मागून मला फक्त तुझी पाठ, ते लाल कापड आणि पांढरे सारस दिसत होते. आई असती तर ती अशीच चढली असती. मला फार, फार बरं वाटलं, ताई. इतकं की मी हात धुवायच्या कुंडापाशी पळीनं पाणी डाव्या हाताऐवजी बुटात ओतलं.

आत गेल्यावरचं तर सगळ्या गावात पसरलंय, पण मीच सांगतो. ढोल वाजला, मोरिवाकींनी मंत्र म्हटले, नागीचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव देवाला सांगितलं, आणि नागी ढिम्म झोपलेली. ज्या पोरीनं दोन महिने घरातल्या कुणाला डोळ्याला डोळा लावू दिला नाही ती ढोलाच्या आवाजात घोरत होती! आणि आपल्याकडे तर बाळानं देवासमोर रडायलाच हवं. रडलं नाही तर देवाला कळायचं कसं की गावात नवीन कुणी आलंय?

पुजारी हळूच म्हणाले, "सुमिएबाई, जरासा चिमटा."

तू बोट उचललंस. नागीच्या दंडापाशी नेलंस. परत घेतलंस. पुन्हा नेलंस. मग माझ्याकडे वळून, देवासमोर, विहीणबाईंसमोर, सगळ्यांसमोर म्हणालीस, "माझ्यानं नाही होत. हारु, तू काढ. दुखवायची सवय तुला."

मोरिवाकी एकदम छताकडे बघायला लागले. कोहेईनं डोळे मिटले. मी पुढे झालो. हात सकाळी लिंबानं घासले होते. नागीचा दंड बघितला, त्यावर वळी पडलेली, आणि माझाही हात पुढे जाईना. मी म्हटलं, "ताई, माझ्यानंही नाही होत. खरंच नाही होत."

तू माझ्याकडे बघितलंस. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आणि मग, मला वाटलं तू नागीला नीट घेतेयस, तर तू एका हातानं तिला सावरून दुसऱ्या हातानं माझ्या दंडाला जो चिमटा घेतलास! पिळून घेतलास, ताई, किल्ली फिरवल्यासारखा! मी देवासमोर मोठ्यानं ओरडलो, "आई गं!" त्या आवाजानं नागी दचकून जागी झाली आणि तिनं असं भोकाड पसरलं की छपरावरची कबुतरं उडाली. तूही रडत होतीस, आणि हसतही होतीस, तोमोए आणि विहीणबाई एकमेकींना धरून उभ्या होत्या. मोरिवाकींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "देवानं ऐकलं. दोघांचंही."

पुढचं जेवण, लाल चवळीचा भात, भाऊजींनी तीनदा घेतलेली साके, ते सगळं तू बघितलंसच. तू मासा खाल्लास आणि "मीठ जास्तच आहे" म्हणालीस, आणि दुसरा तुकडा घेतलास. जाताना नागी तुझं बोट सोडत नव्हती, तेव्हा गाडी चुकली तरी चालेल असं मला वाटत होतं. चुकली नाही. तुम्ही गेलात आणि मी स्टेशनवर बराच वेळ उभा राहिलो.

तू घेतलेल्या चिमट्याचा डाग दंडावर अजून आहे. दोन दिवस जांभळा होता, आता कडेनं हिरवट होत चाललाय. तोमोए मलम घेऊन मागे लागलीये, मी लावू देत नाही. पोस्टमनला दाखवला. ओसाकाबाईंना दाखवला. कुणी विचारलं की सांगतो, माझ्या बहिणीनं घेतलाय, ती परवा आली होती. आणखी आठवड्यानं पिवळा पडेल आणि मग जाईल. तो जायच्या आत ये.

आणि उशीर झालाच तर घाबरू नकोस. दुसरा दंड अजून मोकळा आहे.

हारु